नमुना नंबर २

त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खात्यात दोन लाखांच्या आसपास रक्कम होती आणि गावात प्यायला पाणी नव्हतं.

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. उजाडायच्या आत आमचा पाणी सोडणारा कर्मचारी दारात येऊन उभा राहिला. "ताई, मोटार गेली. ह्या बारीला भरून होत नाही म्हणायलाय मेकॅनिक." गायरानातल्या बोअरची ती मोटार आधी दोनदा भरून, म्हणजे आतली जळालेली तार बदलून, आणली होती. पाणी खाली गेलं की ती कोरडी चालते, त्यात रात्रीचा विजेचा दाब कमी. कधीतरी हे होणारच होतं.

आमचं गाव बालाघाटच्या पठारावर, मराठवाड्यातल्या दुष्काळी पट्ट्यात. २०२३ च्या पावसाळ्यात मोठा पाऊस असा झालाच नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचा तालुका नव्हता. नंतर महसूल मंडळांची दुष्काळसदृश यादी निघाली, तिच्यात आमचं मंडळ आलं. जलजीवनची टाकी उभी होती, नळही घरोघरी गेले होते, पण उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोतच, आटला तर टाकीत काय चढवणार? सगळा भार त्या एका बोअरवर होता.

मी सरपंच होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. शिक्षण बारावी. त्याआधी सात वर्षं बचत गटाची सचिव होते, त्यामुळे वही-पावतीची भीती नव्हती. पण गटाचं खातं आणि ग्रामपंचायतीचं खातं यांत किती अंतर आहे, ते मला या अठरा दिवसांत कळलं. तेच इथं लिहून ठेवते. शेजारच्या गावांतल्या दोघी-तिघी सरपंचांनी मला हाच प्रश्न फोनवर विचारलाय: पैसा खात्यात आहे, तरी खर्च का करता येत नाही?

सकाळी दहाला ग्रामसेवक आले. (आता या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात.) त्यांनी तालुक्याच्या दुकानात फोन करून भाव घेतले. मोटार ४१,०००, केबल १४,०००, स्टार्टर ९,०००, पाइप २४,००० आणि उतरवायची मजुरी व गाडीभाडं ८,०००. एकूण ९६,०००. मग कपाटातून अंदाजपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पाणीपुरवठा देखभाल दुरुस्ती, मंजूर तरतूद ६०,००० रुपये. त्यातले ५४,००० गेलेले. राहिले ६,०००. पाणीपट्टीच्या खात्यावर तर कर्मचाऱ्याच्या पगारापुरतंही नव्हतं. नळाला पाणी येईना झालं की लोक पट्टी भरत नाहीत आणि त्यांना बोलायला आपल्याला तोंड राहत नाही.

"ह्या हेडला सहा हजारच आहेत ताई. बाकीचे आहेत, पण दुसऱ्या हेडला आहेत." (हेड म्हणजे लेखाशीर्ष, अंदाजपत्रकातली त्या त्या कामाची ओळ.)

अर्ध्या तासात उपसरपंच आणि दोन सदस्य आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकानदार ओळखीचा आहे, मोटार उधारीवर आणू, आजच सोडू. बिलाचं मार्चमध्ये बघता येईल, ग्रामसेवक बसवतील कुठंतरी. खरं सांगते, मला ते पटलं होतं. बाहेर ओट्यावर बायका घागरी घेऊन बसलेल्या दिसत होत्या. मी हो म्हणणारच होते.

ग्रामसेवकांनी काही न बोलता दुसरी एक वही काढली, नमुना ३०. लेखापरीक्षणात निघालेल्या आक्षेपांची पूर्तता या वहीत लिहितात. आधीच्या कार्यकाळातला एक आक्षेप तिच्यात उघडाच होता: २२,४०० रुपये, तरतूद नसताना केलेला खर्च. आणि तो खर्चही पाण्यावरचाच होता, हातपंप दुरुस्तीचा. पैसा कुणी खाल्ला नव्हता, हातपंप दुरुस्त झाला होता, पाणी लोकांनी प्यायलं होतं. तरी आक्षेप कायम, कारण खर्च आधी झाला आणि मंजुरी नंतरही कुणी घेतली नाही. तेव्हाचे सरपंच आज थकलेले आहेत. दर लेखापरीक्षणाच्या वेळी त्यांना बोलावणं जातं. त्यांना पायऱ्या चढताना मी पाहिलेलं आहे.

मी उधारीला नाही म्हटलं. माझ्या कार्यकाळातला पहिला कडवट दिवस तोच.

पाण्याची सोय मात्र थांबवून चालणार नव्हतं. त्याच दिवशी टँकर आणि खासगी बोअर अधिग्रहणासाठी तहसीलकडे प्रस्ताव पाठवला. एका शेतकऱ्यानं अधिग्रहणाचा कागद यायच्या आधीच आपल्या बोअरला पाइप लावून दिला. रोज सकाळी दोन तास. त्याचा ऊस तेव्हा वाळत होता.

आता मूळ मुद्दा. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक म्हणजे नुसती यादी नसते. अमुक कामाला अमुक रक्कम, असं मासिक सभेनं ठरवून पंचायत समितीकडून मंजूर करून घेतलेलं ते असतं. लेखासंहिता, म्हणजे हिशोब ठेवायचे नियम, २०११ ची आहे, तिच्यात ग्रामपंचायतीचे १ ते ३३ नमुने आहेत. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. आणि त्याच्या लगेच मागचा, नमुना २, म्हणजे पुनर्विनियोजन व नियत वाटप. एका हेडची रक्कम कमी करून दुसऱ्या हेडला वाढवायची तर या नमुन्यातून जावं लागतं. सव्वा वर्षात मी नमुना ८ पाहिला होता, ९ पाहिला होता, १० च्या पावत्यांवर तर रोज नजर असायची, कारण घरपट्टी-पाणीपट्टी तिथं असते. नमुना २ चं पान मी उघडलंच नव्हतं. "जिल्हा नियोजन समितीच्या निधीचं पुनर्विनियोजन" अशी बातमी दर फेब्रुवारी-मार्चला पेपरात येते, ती मी वाचायचीही नाही. तो शब्द आपल्या गावाचा आहे असं कधी वाटलं नव्हतं.

सभेची नोटीस काढली, १६ फेब्रुवारीची. मधल्या तीन दिवसांत ग्रामसेवक आणि आमचा संगणक परिचालक यांच्यासोबत बसून कोणत्या हेडला किती पडून आहे याची यादी केली. ती यादी मी अजून जपून ठेवलीय. वेशीतल्या कमानीला ७५,०००, एक रुपया खर्च नाही. दिवाबत्तीला २०,००० उरलेले. कार्यालयाच्या कपाट-खुर्च्यांना १२,०००. मागासवर्गीयांच्या १५ टक्क्यांतले ४०,०००. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतले ३२,०००, म्हणजे सगळेच्या सगळे. महिला व बालकल्याणाचे १० टक्के अंगणवाडीच्या कामात संपले होते.

आणि १५ व्या वित्त आयोगाच्या खात्यावर वेगळे १,४०,०००. ते दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला होता. पण ग्रामसेवकांनी लगेच सांगितलं, ते बंधित आहेत, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचे. त्या आयोगाच्या पैशात ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधितातला अर्धा स्वच्छतेला, अर्धा पाण्याला. पाण्याचा अर्धा आम्ही वस्तीतल्या पाइपलाइनला आधीच वापरला होता. उरलेला होता तो स्वच्छतेचा.

"स्वच्छतेतून पाण्याला नाही घेता येत?"

"येतं. पण गावात स्वच्छतेची गरज पुरी भागली असं ग्रामसभेनं प्रमाणित करावं लागतं आणि वर शासनाकडून ते मान्य व्हावं लागतं. तुम्ही करता का सही, गावात उघडी नाली राहिली नाही म्हणून?"

मी वस्तीतली नाली रोज ओलांडून ग्रामपंचायतीत जाते. सही करायचा प्रश्न नव्हता. शिवाय तो पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर आराखड्यात नोंदलेल्या कामावरच निघतो, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागल्याशिवाय नाही. आराखड्यात काम नाही तर पोर्टल पुढं सरकतच नाही. ते दार बंद झालं.

१६ तारखेची सभा लांबली. उपसरपंचांनी यादी पाहिली आणि पहिलं बोट दिव्यांगांच्या ३२,००० वर ठेवलं, दुसरं मागासवर्गीयांच्या ४०,००० वर. ७२,००० झाले, बाकीचे १८,००० दिवाबत्तीतून घ्या. "पडूनच आहेत ना. कमानीला हात लावू नका, यात्रेच्या आत पाया भरायचाय, पोरांनी वर्गणी गोळा केलीय."

कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं, हे मला इथं नीट सांगायचंय. पाणी सगळ्यांना लागतं, दिव्यांगांनाही लागतं, वस्तीलाही लागतं, मग त्यांचे पैसे पाण्याला गेले तर काय बिघडलं, असा त्यांचा हिशोब होता. पटकन ऐकलं तर बरोबर वाटतो.

ग्रामसेवक म्हणाले, हे पैसे हलवताच येत नाहीत. स्वउत्पन्नातले १५, १० आणि ५ टक्के त्या त्या कारणालाच खर्च करायचे असतात, नमुना २८ मध्ये त्याचा दरमहा हिशोब लिहावा लागतो. झाले नाहीत खर्च, तर पुढच्या वर्षी अनुशेष म्हणून डोक्यावर बसतात.

मला नियमापेक्षा दुसरंच काही टोचत होतं. ३२,००० पडून का होते? गावात अकरा दिव्यांग आहेत. एक शिंपी काका आहेत, लहानपणी पोलिओ झालेले, दारातल्या मशीनवर बसून अख्ख्या गावाच्या शाळेचे गणवेश शिवतात. नववीतली एक मुलगी आहे, ऐकू येत नाही. हे पैसे उरले होते ते गरज नव्हती म्हणून नव्हे. एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत आम्ही लाभार्थ्यांची यादीच केली नव्हती. प्रमाणपत्रं गोळा केली नव्हती. मी केली नव्हती.

बचत गटात आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो होतो. एखादीनं हप्ता भरायला आणलेले पैसे पेटीत रात्रभर राहिले म्हणून ते गटाची बचत होत नाहीत. अंदाजपत्रकातही तसंच. ज्या कामाला पैसे ठेवले ते काम झालं आणि त्यातून उरले, किंवा ते काम या वर्षी होणारच नाही असं नक्की झालं, तर त्याला बचत म्हणायचं. आम्ही आळस केला म्हणून जे राहिलं ती नुसती शिल्लक. पुनर्विनियोजन बचतीतून करायचं असतं. त्या दिवशी सभेत मी हे एवढ्या नीट मांडू शकले नाही. आवाज चढला होता माझा. मी एवढंच म्हणाले, की शिंपी काकांना इथं बोलवा आणि त्यांच्या तोंडावर सांगा, तुमचे पैसे मोटारीला घेतोय, मग मी सही करते.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारे सदस्य म्हणाले, "राहू द्या ते. कमान काय पळून चाललीय."

मग एकेक ओळ घेतली. दिवाबत्तीचे २०,००० पूर्ण घेता येणार नव्हते, मार्चपर्यंतचं वीजबिल ९,००० च्या घरात येणार होतं. घट दाखवायची तर ३१ मार्चपर्यंत तिथं ती रक्कम लागणार नाही याची खात्री हवी, नाहीतर एक खड्डा बुजवायला दुसरा खणल्यासारखं. म्हणून ११,०००. कपाट-खुर्च्यांचे १२,००० पूर्ण घेतले, सभेला बसायला सतरंजी आहे. उरले ६७,०००, ते कमानीतून. कमानीला मागं ८,००० राहिले. उपसरपंचांनी ठरावावर सही केली, पण चहा न घेता गेले.

तेवढ्यावर झालं असं मला वाटलं. सुधारित अंदाजही मूळ अंदाजपत्रकासारखाच पंचायत समितीकडून मंजूर व्हावा लागतो. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी, म्हणून २० ला प्रस्ताव घेऊन आम्ही स्वतः गेलो. ज्या टेबलावर तो दिला तिथं तो दोन दिवस तसाच राहिला. मी दोनदा जाऊन आले. २२ ला दुपारी तो परत मिळाला, वर पेन्सिलीनं एक ओळ: "ठराव मोघम आहे." कोणत्या बाबतीत मोघम, ते लिहिलेलं नव्हतं. मी तिथल्या बाकावर बसले आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. दहा दिवस झाले होते.

एका विस्तार अधिकाऱ्यांनी मला तसं बसलेलं पाहिलं. त्यांच्याकडे ते काम नव्हतं. तरी त्यांनी ठराव मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला. "पाणीटंचाई लक्षात घेता पाणीपुरवठ्याकरिता आवश्यक ती रक्कम इतर लेखाशीर्षातून वळती करण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले."

"सरपंच ताई, ह्यात तुम्ही काय मंजूर केलं? आवश्यक ती म्हणजे किती? इतर म्हणजे कोणती? उद्या ह्याच ठरावावर कुणी तीन लाख वळवले तर तुम्ही त्याला कसं अडवणार?"

मला तोवर राग होता तो टेबलावर होता. हे ऐकल्यावर तो गेला नाही, दोन दिवस उगाच गेले हे खरंच होतं, पण चूक आमचीही होती. सभेत आम्ही तीन हेड आणि तीन रकमा तासभर घासून ठरवल्या होत्या आणि लिहिताना जुन्या ठरावाची नक्कल उतरवली होती. कमानीवरून झालेलं भांडण, दिव्यांगांच्या पैशावरून झालेलं बोलणं, वीजबिलाचे राखून ठेवलेले ९,०००, यातलं काहीच कागदावर नव्हतं.

त्यांनी आणखी काही गोष्टी तिथंच सांगितल्या. वाढ आणि घट यांची बेरीज रुपयाला रुपया जुळली पाहिजे. मूळ अंदाजपत्रकात जे कामच नव्हतं, ते असं मागच्या दारानं आणता येत नाही. पाणीपुरवठ्याचं हेड तुमच्याकडे आधीपासून आहे म्हणून हे सोपं आहे. आणि ३१ मार्चच्या रात्रीनंतर त्या वर्षाचं पुनर्विनियोजन नसतंच, एप्रिलमध्ये बसून मागची तारीख टाकली तर ते खोटं ठरतं. हे शेवटचं बोलताना त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं होतं. "मार्चमध्ये बसवू" हे वाक्य त्यांनीही पुष्कळ ऐकलेलं असणार.

प्रोसिडिंग बुकात सह्या झालेला ठराव खोडता येत नाही. पुन्हा नोटीस, पुन्हा सभा, २६ फेब्रुवारी. ती नोटीस लावून मी घरी येत होते तेव्हा हौदाजवळ शेजारच्या मावशींनी मला अडवलं. त्यांच्या घरी लेकीचं बाळंतपण होतं, दिवसाला दोन घागरी पाण्यात भागवत होत्या.

"पाणी काय ठरावानं येतंय व्हय गं? मोटार आण म्हणावं त्या गड्यांना. किती दिस कागद लिहिणार?"

मी त्यांना काही सांगू शकले नाही. घरातल्या पाण्याची एक घागर त्यांच्याकडे पोचवली आणि रात्री जेवण गेलं नाही. नियम बरोबर होता, हे मला तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. पण त्या अठरा दिवसांतले दहा दिवस नियमानं लावलेले नव्हते. मोघम ठराव आमचा आणि न वाचता पडलेला कागद त्यांचा, यातच ते गेले. मावशींच्या घागरींचा हिशोब नमुना ३० मध्ये कुठं येत नाही.

२६ च्या सभेत मी स्वतः सांगितलं आणि ग्रामसेवकांनी लिहिलं. कुणाला उपयोगी पडेल म्हणून तो ठराव जसाच्या तसा देते:

"सन २०२३-२४ च्या मंजूर अंदाजपत्रकातील (१) प्रवेशद्वार कमान, तरतूद ७५,००० रुपये, पैकी ६७,००० रुपये, (२) दिवाबत्ती, शिल्लक तरतूद २०,००० रुपये, पैकी ११,००० रुपये, (३) कार्यालयीन फर्निचर, तरतूद १२,००० रुपये, पैकी १२,००० रुपये, अशी एकूण ९०,००० रुपये घट करून तेवढीच वाढ पाणीपुरवठा देखभाल दुरुस्ती या लेखाशीर्षात करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. वाढीचे कारण: दि. १२/०२/२०२४ रोजी सार्वजनिक बोअरवरील मोटार जळून पाणीपुरवठा बंद पडला आहे. घटीचे कारण: कमानीचे काम चालू वर्षात सुरू होणार नाही, फर्निचर खरेदी पुढे ढकलली आहे, दिवाबत्तीचे मार्चअखेरचे वीजबिल ९,००० रुपये राखून उर्वरित रक्कम लागणार नाही. मागासवर्गीय व दिव्यांग यांच्या राखीव निधीतून कोणतीही रक्कम घेतलेली नाही. पंचायत समितीची मंजुरी मिळाल्यानंतरच खर्च करण्यात येईल."

शेवटच्या दोन ओळी नियमात मागितलेल्या नव्हत्या. मी हट्टानं घातल्या. पुढं कुणी हा कागद उघडला तर त्याला दिसावं की त्या दिवशी तिथं पडलेल्या पैशाकडं पाहून आम्ही काय ठरवलं होतं.

मग ग्रामसेवकांनी नमुना २ चं पान भरलं. मी समोर बसून पाहिलं. पट्टी लावून रकाने आखले: लेखाशीर्ष, मंजूर रक्कम, वाढ, घट, सुधारित रक्कम. कमानीपुढं घटीच्या रकान्यात ६७,००० आणि शेवटी ८,०००. पाणीपुरवठ्यापुढं वाढीच्या रकान्यात ९०,००० आणि शेवटी ६०,००० चे १,५०,०००. खाली दोन्ही बेरजा, ९०,००० आणि ९०,०००. बेरीज जुळल्यावर त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. चार ओळींचं काम. पण गावातल्या प्रत्येक घराचा त्या पानाशी संबंध होता, हे मला त्या पेनाच्या टोकाकडं बघताना जाणवलं.

२८ ला मंजुरी आली. तीन दरपत्रकं आधीच मागवून ठेवली होती, २९ ला, लीप वर्षाच्या त्या जादा दिवशी, खरेदीचा आदेश दिला. १ मार्चला दुपारी मोटार उतरवली. घोडी लावून, साखळीला पाइप धरून, एकेक पाइप जोडत खाली सोडत होते. कर्मचाऱ्याच्या हातावर जुन्या पाइपाचा गंज उतरला होता. बटण दाबल्यावर आधी नुसती हवा आली, मग लाल पाणी, मग वीस-पंचवीस मिनिटांनी स्वच्छ. उपसरपंच तिथं होते. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं. कमानीबद्दल त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

त्या पाण्यानं सगळं भागलं असंही नाही. एप्रिल-मेमध्ये बोअर पुन्हा उचक्या देऊ लागला आणि टँकर आलाच.

दिव्यांगांच्या यादीला मी मोटारीच्या दुसऱ्याच दिवशी बसले. लोकसभेची आचारसंहिता कधीही लागेल अशी चर्चा होती. अकरापैकी आठ जणांची प्रमाणपत्रं हातात आली. ३२,००० रुपये, प्रत्येकी ४,०००, ११ मार्चला आठ खात्यांवर जमा केले. मागासवर्गीयांच्या ४०,००० मधून वस्तीतल्या नालीचं काम त्याच आठवड्यात सुरू केलं, त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक तयारच होतं, ते कपाटात पडून होतं. १६ मार्चला आचारसंहिता लागली. पाच दिवस इकडंतिकडं झाले असते तर काय झालं असतं, हा विचार मी फार करत नाही. राहिलेल्या तिघांना नंतर जिल्हा रुग्णालयात तपासणीला नेलं, त्यांत ती नववीतली मुलगी होती.

शिंपी काकांना ४,००० जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा ते चालत ग्रामपंचायतीत आले. त्यांना सभेतलं कुणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, "ताई, ते पान दाखवा की जरा, माझे पैसे कोणत्या वळीत असतात ते." मी नमुना १ काढला, दिव्यांगांची ओळ दाखवली. त्यांनी ती मशीनवर कापड धरतात तशी बोटानं धरून वाचली आणि म्हणाले, "हे आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं."

तेव्हापासून दर महिन्याच्या सभेत पहिला विषय तोच ठेवलाय: प्रत्येक हेडला किती ठेवले, किती गेले, किती राहिले. राखीव हेडांचं वाचन आधी. ऑक्टोबरमध्ये एखादी ओळ जागची हलली नसेल तर तिथंच विचारायचं, का? फेब्रुवारीत विचारून उपयोग नसतो. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात पाण्याला दीड लाख धरले. कमानीलाही ४०,००० ठेवले, पोरांची वर्गणी बँकेत तशीच आहे.

तो जुना २२,४०० चा आक्षेप अजून उघडा आहे. त्या हातपंपाची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचा जबाब, साहित्याची पावती आणि त्या वर्षीच्या टंचाईचा प्रस्ताव, असं तीन कागदांचं अनुपालन, म्हणजे आक्षेपाला द्यायचं उत्तर, मी जोडून ठेवलंय. चौथा कागद त्या वेळच्या मासिक सभेच्या प्रोसिडिंगची नक्कल आहे. ते पुस्तक जुन्या कार्यालयाच्या माळ्यावर आहे म्हणतात, रविवारी शिडी घेऊन चढणार आहोत.